हावलिंड कशी बुडाली

"माझ्या नवऱ्याला पाणबुडीनं मारलेलं नाही," गुनव्होर आयडस्नेस दारातूनच म्हणाली. "आणि शनिवारी सरकार बर्लिनला निषेधाचा खलिता धाडतंय, त्यात त्याचं नाव आहे."

दाग्नी लोथेनं तिला बसवलं. बर्गनच्या सागरी न्यायालयात वीस वर्षं साक्षी उतरवून घेतल्यावर दाग्नी आता खासगी तपास करत असे. खिडकीशी तिचा सहकारी अमुंड, बंदरातला निवृत्त वाटाड्या, पाइप साफ करत होता.

१९१६ चा ऑक्टोबर. नॉर्वे युद्धात नव्हता, तरी नॉर्वेची जहाजं बुडत होती. 'हावलिंड' नऊ दिवसांपूर्वी गेली. सहा जण होडीतून वाचले. कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, मेट हालवार आयडस्नेस तेवढा गेला.

कप्तान ब्रुविकची साक्ष छापून आली होती: इशारा न देता टॉर्पेडो, तीन मिनिटांत जहाज तळाशी. मेट तापानं झोपलेला.

"तटस्थ जहाज आधी थांबवायचं, कागद तपासायचे, माणसं उतरू द्यायची," अमुंड चिडून म्हणाला. "एवढंही पाळत नाहीत लेकाचे!"

गुनव्होरनं पत्र पुढे केलं. हालवारनं निघायच्या दिवशी टाकलेलं. 'या फेरीत आपला झेंडा खोटं बोलतोय. परतलो की मी गप्प बसणार नाही.'

कप्तान हॉटेलात भेटला. उंच, अदबशीर.

"माल काय होता?"

"सुका कॉड मासा. गठ्ठ्यांत बांधलेला, रॉटरडॅमसाठी."

"दुसरं काही?"

"एक खोकंसुद्धा नाही. बाई, तुम्ही जर्मनांची वकिली घेतलीय का?"

"तुम्ही काय वाचवलंत?"

"अंगावरचे कपडे."

आचारी ओलुफ खाणावळीत बटाटे सोलत होता. सालीबरोबर अर्धा बटाटा कापला जात होता.

"तीन मिनिटं बाई, फार तर चार! होडीत गारठून मेलो असतो. किटली होती म्हणून बरं. सगळ्यांना कपभर गरम कॉफी दिली."

"मेटला कुणी उठवलं नाही?"

"कप्तान म्हणाले, मी बघतो." ओलुफनं नजर वळवली. "जहाज बुडेपर्यंत आत धाड धाड आवाज येत होता. पिंप सुटलंय म्हणाले."

बाहेर आल्यावर अमुंड हळहळला. "बिचारा टॉर्पेडोनं हबकलाय."

"टॉर्पेडोनं?" दाग्नी म्हणाली. "उद्या दुपारी दोघांना बोलाव. गुनव्होरलाही."

शुक्रवारी चौघं तिच्या टेबलाभोवती बसले.

"ओलुफ, तीन मिनिटांत कॉफी उकळून किटली होडीत नेता येते?"

ओलुफनं कप्तानाकडे पाहिलं.

"नाही येत. तुम्हाला वेळ मिळाला होता. म्हणजे पाणबुडीनं जहाज थांबवलं, माल तपासला, उतरायला सवड दिली आणि मगच ते बुडवलं."

"मग कप्तान हे लपवेल कशाला?" अमुंड गोंधळला. "जीव वाचले, हे चांगलंच की!"

"कारण मग विचारलं जाईल, मालात काय सापडलं. हालवारला ते ठाऊक होतं. माशाखाली काय होतं, ओलुफ?"

"तांबं," ओलुफ पुटपुटला. "इंग्लंडातल्या हल बंदराला चाललं होतं. इंग्रजांकडे."

"म्हणजे बंदुकीच्या गोळ्यांना. जर्मनांनी या खेपेला नियम पाळला, अमुंड. नियम आपल्या जहाजानं मोडला."

ब्रुविक उठला. "आणि मेट? तोही मीच बुडवला?"

"जहाजात सगळा माल गठ्ठ्यांत. खोकंसुद्धा नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मग पिंप आलं कुठून?"

ब्रुविकनं टोपीकडे हात नेला.

"तो आवाज बंद दारावर बसणाऱ्या मुठींचा होता. हालवार बोलणार म्हणाला, तुम्ही त्याला कोंडलंत. जर्मनांना सांगितलंत, सगळे उतरले."

ओलुफ ओक्साबोक्शी रडू लागला. "चावी कप्तानाकडे होती! मी मागं वळायला निघालो, त्यांनी वल्ही मारायला लावली. मला कळत होतं, बाई. मला कळत होतं!"

"तो बोलला असता," ब्रुविक ओरडला, "तर आपल्या एकाही झेंड्यावर कुणी विश्वास ठेवला नसता!"

"तो विश्वास विकला कुणी, कप्तान?"

अमुंड दाराला पाठ लावून उभा राहिला. दाग्नीनं पोलिसांना फोन केला आणि ओलुफची नवी साक्ष लिहायला कागद घेतला.

गुनव्होर इतका वेळ हलली नव्हती. "खलित्याचं काय?"

"बाकीच्या जहाजांसाठी जाईल. ती खरोखरच इशारा न देता बुडवलीत. हालवारचं नाव मात्र कापावं लागेल. सरकारी पेन्शनही मिळणार नाही कदाचित."

गुनव्होरनं गळ्यातला रुमाल डोक्याला घट्ट बांधला.

"कापा," ती म्हणाली. "खोट्या कागदावर त्याला एक दिवसही राहू देऊ नका."