विहिरीतून आलेले तीन ठोके

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे घडलंय.

आणि रात्री नाही घडलं. अमावस्या नव्हती, वारा नव्हता, कुत्रंसुद्धा रडलं नाही. साल १९३७, कार्तिक महिना, भर दुपार. जागा पवन मावळात, बेडसे गावच्या शिवारात, लेण्यांच्या डोंगराखाली.

ज्यांच्यावर ते गुदरलं ते माझे आजोबा. नाव महिपती. तेव्हा वय चोवीस.

मी स्वतः वडगावला तीस वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतोय. गिऱ्हाईक म्हणतं, "विहिरीत कायतरी हाय," तेव्हा मी म्हणतो, "गाळ आहे, काढून घ्या." असा मी माणूस. तरी ही एक गोष्ट मला झटकता येत नाही.

तर झालं असं...

मुंबईच्या एका शेठजींना डोंगराखाली बाग करायची होती. त्यासाठी मोठी विहीर खणायला घेतली. साठ फूट खोल गेले आणि झरे असे फुटले की मोटेनं उपसा होईना. हातपंप लावला, तो म्हणजे दर्यात खसखस. मग पंख्याचा पंप आणला. पंख्याचा पंप पाणी भरपूर फेकतो, पण त्याचे लाड जावयापेक्षा जास्त. आधी त्याच्या पोटात पाणी भरा, मग तो चालणार. जरा हवा घुसली की रुसला. गाळ तर त्याला सोसतच नाही. शेवटी कंत्राटदारानं वाफेवर चालणारा दट्ट्याचा पंप आणला. तो चालतो हळू, पण गाळ, खडे, पाणी सगळं गिळतो.

धक-धक... धक-धक... बैलासारखं काम.

आता एक गोष्ट समजून घ्या. कुठलाही पंप पाणी वर लांबवर ढकलतो, पण खालून ओढतो फार तर वीस-पंचवीस फूट. म्हणून खोल विहिरीच्या काठावर पंप ठेवून भागत नाही. तो खाली, पाण्याजवळ न्यावा लागतो. विहिरीत साखळ्यांनी फळ्यांचा माचा टांगायचा आणि त्यावर पंप बसवायचा.

आणि पंपाशेजारी माणूस.

वर काठावर बॉयलर. त्याची वाफ पाईपातून खाली यायची. बॉयलरच्या आवाजात हाक ऐकू जात नसे. म्हणून खालचा माणूस पान्यानं लोखंडी पाईपावर ठोके द्यायचा. एक ठोका म्हणजे वाफ बंद कर. दोन म्हणजे वाफ सोड. तीन म्हणजे पाळणा सोड, मला वर घे. ऐकणाऱ्यानं तेवढेच ठोके परत द्यायचे. ठोक्याला ठोका द्यायचाच, हा त्या कामाचा नेम. हातात घास असला तरी खाली ठेवायचा आणि आधी ठोका द्यायचा.

आजोबांच्या आधी खाली कोंडाजी बसायचा. त्यानंच आजोबांना हे काम शिकवलं.

त्या वर्षी ज्येष्ठात, पाऊस तोंडावर असताना, कोंडाजीनं एका दुपारी तीन ठोके दिले. वर बॉयलरवर भिमाजी असायचा, पण तो नेमका लाकडं आणायला गेला होता. काठावर फक्त कोंडाजीची बायको, मुक्ताबाई. नवऱ्याची भाकरी घेऊन आलेली.

तिला ठोक्यांची भाषा कुठली ठाऊक?

तीन ठोके... परत तीन... परत तीन...

ती काठावरून ओरडत राहिली. मग विहिरीची एक बाजू ढासळली आणि ठोके थांबले.

पाठोपाठ पाऊस लागला. विहीर भरली. पाच महिने कोंडाजी खालीच. मुक्ताबाईनं कुंकू पुसलं नाही की बांगड्या फोडल्या नाहीत. "त्यांची माती बघितल्याबिगर न्हाई," म्हणायची. रोज सकाळी यायची आणि काठावर बसून राहायची.

वरवरचं पाणी उपसून काम परत सुरू झालं, तेव्हा खाली उतरायला कोणी तयार होईना. आजोबा तयार झाले. पोटासाठी, हे खरंच आहे. पण कोंडाजीसाठी जास्त.

त्या दिवशी ते पाळण्यात बसत होते, तेव्हा मुक्ताबाई उठून जवळ आली.

"भावजी, हाडकं गावली तरी चालतील. पर त्यांना घेऊन या."

"आणतो वैनी," आजोबा म्हणाले. मग भिमाजीकडे वळले. "आन तू जागचा हललास तर बघ."

"न्हाई हलत. आईच्यान न्हाई हलत," भिमाजी म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

पाळणा म्हणजे दोराला टांगलेली लाकडी चौकट. वर रहाट फिरवायचा, पाळणा खाली-वर व्हायचा. दुसरी वाट नव्हती. एवढ्या खोलीला शिडी लावलेलीच नव्हती.

माचा चाळीस फुटांवर. पाणी त्याच्या खाली तीन-चार हात. वर बघितलं तर परातीएवढं आभाळ. आजोबांनी दोन ठोके दिले. वरून दोन ठोके आले. वाफ आली, पंप सुरू झाला.

तासभर सगळं ठीक होतं. पाणी वीतभर उतरलं.

मग पंपाच्या आवाजात काहीतरी वेगळं यायला लागलं.

धक-धक... धक-धक... टण्.

आजोबांना वाटलं, खडा अडकला असेल. पाणी ओढणारा पाईप खाली तळापर्यंत गेलेला. त्याच्या तोंडाला जाळी. जाळीवर दगड आपटत असणार.

टण्... टण्...

त्यांनी पाईपावर हात ठेवला. पाईप गार पडला होता. बर्फासारखा गार, आणि शेजारी वाफेचा पाईप तर तापून लाल.

त्यांनी एक ठोका दिला. वरून एक ठोका आला. वाफ बंद झाली. पंप थांबला.

आता विहिरीत नुसती शांतता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. पंप बंद, म्हणजे खडा हलायचं कारण नाही.

आणि मग...

टण्. टण्. टण्.

खालून. पाण्याच्या आतून. पाईपावर. अगदी सारख्या अंतरानं, पान्यानं द्यावेत तसे.

आजोबांनी सांगितलं, "मी डोक्यानं काय केलंच न्हाई. हातानं केलं." ठोका ऐकला की ठोका द्यायचा, हे हातात इतकं मुरलं होतं की पाना आपोआप उचलला गेला.

त्यांनी तीन ठोके दिले.

दिले, आणि मगच त्यांच्या ध्यानात आलं की आपण कोणाला काय कबूल केलं. तीन ठोके परत देणं म्हणजे... ऐकलं, तुला वर घेतो.

ते ठोके वरही ऐकू गेले. भिमाजीला वाटलं, महिपतीला वर यायचंय. त्यानं वरून तीन ठोके दिले आणि पाळणा सोडला.

आजोबांच्या जिवात जीव आला. ते माच्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. पाळणा आला. त्यांनी हात पुढे केला...

पाळणा थांबला नाही.

त्यांच्या हातासमोरून खाली गेला. पाण्याला टेकला. पाण्यात गेला. दोर सुटतच राहिला.

"भिमाजी! आरं थांबीव!"

बॉयलर घरघरत होता. कोणाला ऐकू जाणार?

मग दोर थांबला. जरा ढिला पडला. आणि ताणला गेला.

पाळणा वर यायला लागला. दोर करकरत होता. कुरकुर नाही, करकर, भरलेली मोट ओढताना होते तशी. पाळणा आजोबांच्या समोर आला. आत कोणी नव्हतं.

पण चौकट एका बाजूला कलली होती. माणूस कडेला रेलून उभा राहिला की कलते तशी. आणि तिच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं तिथून, पाणी गळत होतं.

उडी मारून तो पाळणा धरायचा होता. आजोबांना नाही धरवला. हात उचललाच नाही. पाळणा वर गेला, परातीएवढ्या आभाळात काळा ठिपका झाला आणि दिसेनासा झाला.

त्यांनी तीन ठोके दिले.

वरून काही नाही.

परत तीन. परत तीन.

काही नाही.

मग दोन दिले. निदान वाफ तरी सोडा! पंप बंद होता आणि झरे चालू होते. पाणी वर येत होतं. तासाभरात माच्याच्या फळ्या ओल्या झाल्या. मग पायाचे घोटे बुडाले.

ते साखळी धरून चढायला लागले. पुरुषभर गेले आणि ओल्या हातातून साखळी निसटली. परत चढले, परत पडले. हाताची सालटी निघाली. ओरडून घसा बसला. पाणी गुडघ्याला लागलं. आभाळ तांबूस झालं, मग करडं.

तेव्हा त्यांना कळलं की कोंडाजीला शेवटी काय वाटलं असेल. शिकवणाऱ्या माणसाचं तेवढंच शिकवायचं राहून गेलं होतं.

आणि एक गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त छळत होती. खालून आता एकही ठोका येत नव्हता. त्यांनी मुद्दाम ठोकून बघितलं. कान पाईपाला लावला. खाली काहीच नव्हतं.

जे होतं ते वर गेलं होतं. वर, जिथे मुक्ताबाई बसली होती.

दिवेलागणीला भिमाजी गावातली चार माणसं आणि कंदील घेऊन आला. आजोबांना वर घेतलं तेव्हा पाणी छातीला होतं. हातातला पाना सुटेना. बोटं एकेक करून उलगडावी लागली.

"कुटं गेलतास रं?" आजोबांनी विचारलं.

भिमाजी रडायला लागला. "दोर खालून कोनी वढला, महिपती. माच्याखाली मी न्हाई सोडला. वर घेताना मानसाचं वजन हुतं. पाळना काठाला लागला... आन हलका झाला. आत कोन न्हाई! पर मुक्ताबाई उटली. डोईवर पदर घेतला. म्हनली, 'आलात व्हय?' आन चालाया लागली."

"मग?"

"तिच्यामागं फुफाट्यात वली पावलं उमटत हुती. मी पळालो."

आजोबांना त्याला दोष द्यावा असं वाटलं नाही. त्यांनी तरी पाळणा कुठे धरला होता?

त्याच पावली सगळे मुक्ताबाईच्या घरी गेले. दार आतून लावलेलं. फटीतून चुलीचा उजेड. आत ती बोलत होती, हळू आवाजात, मधे मधे थांबून. थांबायची तेव्हा आतून दुसरा आवाज येत नव्हता. तरी ती उत्तर ऐकल्यासारखी "व्हय", "बरं" म्हणायची.

"वैनी," आजोबांनी हाक मारली.

"जेवत्यात ते," ती आतून म्हणाली. किती आनंदानं म्हणाली! "उद्या या भावजी. लय उपकार झालं तुमचं."

गावानं ठरवलं, बाईला भ्रम झालाय, राहू द्या. पुढचे आठ दिवस ती कोणाला दिसली नाही. पाण्याला आली नाही, सरपणाला आली नाही. सकाळी दारातून पाणी वाहायचं तेवढं. घर मात्र टेकाडावर, जवळपास पाणी कुठेच नाही.

विहिरीचं काम थांबलं नाही. कंत्राटदारानं दोन पंप जोडून रात्रंदिवस उपसा केला. नवव्या दिवशी तळ लागला. ढासळलेले दगड बाजूला केले.

खाली कोंडाजी होता.

जाळीला खेटून. मांडीवर मोठा दगड. जागचा तसूभरही हललेला नव्हता. पाच महिने आणि नऊ दिवस तो तिथेच होता.

आजोबा मुक्ताबाईच्या घरी एकटेच गेले. सांगणं भाग होतं. तिचा नवरा सापडला होता, अग्नी द्यायचा होता. त्यांनी दारावर थाप मारली.

"वैनी... कोंडाजी गावला. खाली, तळाला. आमी आत्ताच वर काढलाय."

आतलं बोलणं थांबलं.

मग कडी अगदी हळू, आवाज न करता निघाली. दार चार बोटं उघडलं. तिचा चेहरा ओला होता. केस ओले, लुगडं ओलं. आठ दिवसांत ती निम्मी झाली होती. तिनं एकदा मागे बघितलं. मग तोंड फटीला लावून कुजबुजली.

"भावजी... मग ह्ये कोन हाय?"

आजोबांनी तिच्या डोक्यावरून आत बघितलं. अंधार होता. जमिनीवर पाणी साचलेलं. पाण्यावर एक तरंग उठला आणि दाराकडे आला.

तिनं फटीतून हात बाहेर काढला. "मला भाईर घ्या..."

दार बंद झालं. तिनं केलं नाही. तिचा हात अजून बाहेर होता, तो आत ओढला गेला.

आजोबा पळाले.

माणसं घेऊन परत यायला त्यांना अर्धा तास लागला. दार सताड उघडं होतं. चूल विझलेली. चुलीपुढे दोन ताटं, एकातला भात संपलेला, दुसऱ्यातला तसाच. मुक्ताबाई नव्हती. विहीर कोरडी होती, तिथेही नव्हती. पवना नदीच्या काठानं, लेण्यांत, रानात, आठवडाभर शोधली. कोणाला ती परत दिसली नाही. कोंडाजीला अग्नी त्याच्या भावानं दिला.

आजोबा ही गोष्ट आयुष्यात दोनदाच बोलले. दुसऱ्यांदा मी त्यांना विचारलं, "तुम्ही तिचा हात का नाही धरला?" लहान होतो, तोंडाला येईल ते विचारायचो. ते उठून गोठ्यात गेले. त्या दिवशी जेवले नाहीत.

हे सांगताना ते जेवढे होते, तेवढा मी आता झालोय. पाण्यातल्या मोटारी आल्या, माणसाला खाली बसावं लागत नाही. चांगलं झालं. तरी कधी पवन मावळातून बोलावणं येतं. जुनी विहीर, मोटार अडकलीय म्हणतात. मी पोरांना पाठवत नाही, स्वतः जातो. दोर सोडतो, पाईप हलवून बघतो.

आणि काठावर बसून एकच विचार करतो... ती अजून कुठेतरी हात पुढे करून उभी असली, तर मला तरी तो धरवेल का?