दोरीवरचा काळा पॅड

“याहून कडक पॅड आहे का?” पॉलिशच्या मशीनचा पिवळा पॅड काउंटरवर ठेवत मी विचारलं.

दुकानदार काका फळीकडे वळणार, तेवढ्यात मागून आवाज आला, “गाडी काळी आहे ना?”

मी वळून पाहिलं. एक तरुण उभा होता. करडा एप्रन, हातात सपाट डबा, नखांच्या कडेला पॉलिशची पांढरी पूड.

“तुम्हाला कसं कळलं?”

“चेहऱ्यावरून. पांढऱ्या गाडीवाले इतके घाबरलेले नसतात.”

एरवी हसले असते. पण शनिवारचे सव्वाअकरा वाजले होते. सकाळीच बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. रात्री ते आत्याकडे राहणार आणि उद्या दहाला पट्टी निघाली की थेट घरी येणार होते.

बाबांनी तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर ही काळी गाडी घेतली, ती रोज सकाळी स्वतः पुसतात. पण गेली दोन वर्षं ते माणूससुद्धा आवाजावरूनच ओळखत होते. आता नीट दिसणार, तर गाडीही लखलखीत दिसावी म्हणून मी पॉलिशचं मशीन भाड्याने आणलं... आणि काल बॉनेटची पार वाट लावली. उन्हात पाहिलं तर सगळीकडे बारीक ओरखड्यांची, कोळ्याने विणल्यासारखी जाळी.

“पिवळाच का घेतलात?”

“व्हिडिओत पिवळ्यानेच शेवटचा हात फिरवला होता.”

“त्या कंपनीचा पिवळा मऊ असतो. या कंपनीचा पिवळा सगळ्यात कडक. रंगावर जायचं नाही, दाबून बघायचं.” त्याने डबा उघडला. सहा खण, सहा पॅड. त्यातला काळा माझ्या तळहातावर ठेवला. “दाबा.”

बोटं अलगद आत गेली.

“आता तुमचा.”

बोटं वरच अडली.

“कळलं?”

“कळलं,” मी म्हणाले. “एक दिवस उशिरा.”

“अरे, शिकवणी काउंटरवर नको,” काका वैतागले. “मागे गिऱ्हाईक खोळंबलंय. तिच्या घरी जाऊन बघ काय ते!”

तो कानापर्यंत लाल झाला. “तीनला आलो तर... चालेल?” मी पत्ता सांगितला, त्याचा नंबर घेतला.

तीनला पाच मिनिटं असतानाच फाटक वाजलं.

त्याने टॉर्च तिरपा धरून बॉनेट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

“जाईल का हो?”

“आधी एक वीत करून बघू.” त्याने चिकटपट्टीने एक चौकोन आखला, मऊ काळ्या पॅडवर पॉलिशचे चार थेंब टाकले आणि मशीन हळू फिरवलं. पुसलं. टॉर्च लावला. जाळी तशीच.

“अजून दिसतंय,” मी म्हणाले.

“दिसणारच. पण मऊपासून सुरुवात करायची. नाही पुरलं, तर एक पायरी वर.”

“तुम्ही सगळ्याच बाबतीत इतके सावकाश?”

“घाई केली की काय होतं, ते तुम्ही कालच पाहिलंत.”

मला राग यायला हवा होता. आला नाही.

मधला नारिंगी पॅड लावला आणि चौकोनात आकाश दिसलं. मग त्याने बॉनेट वीतवीत करत पुढे नेलं, शेवटी पुन्हा काळा फिरवला. मी पॉलिश पुसत होते. एकदा दोघांचे चेहरे शेजारी शेजारी बॉनेटमध्ये दिसले... दोघांनीही एकदमच दुसरीकडे पाहिलं.

हेडलाइटजवळच्या कोपऱ्यावर त्याने रंगाची जाडी मोजायचं मीटर टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा. मशीन बंद केलं.

“इथे हात लावायचा नाही. काल इथे फार दाब पडलाय. रंग पातळ झालाय, अजून घासला तर पत्रा दिसेल.”

“पण सगळ्यात वाईट तिथेच दिसतंय! बाबा आधी तिथेच बघतील.”

“बघू देत.”

“थोडंसं... हलक्या हाताने?”

“नाही.”

“तुमचं काय जातंय? बोलणी मला बसणार आहेत!”

“म्हणूनच नाही,” तो म्हणाला. आवाज मात्र चढला नाही.

मी पाठ फिरवून फडकी गोळा करू लागले. त्याने पॅड नळाखाली धुतले, पिळले, डबा बंद केला आणि गेला. मी फाटकापर्यंतही गेले नाही. अंधार पडायच्या आत वाळलेले कपडे काढायला गेले, तर दोरीवर माझ्या दुपट्ट्याशेजारी चिमट्यात काळा पॅड लटकत होता.

रविवारी साडेदहाला आत्याने बाबांना फाटकाशी सोडलं. काळ्या चष्म्याआडून त्यांनी आधी मला पाहिलं, खूप वेळ. मग गाडीला फेरी मारायला निघाले. दार, आरसा, बॉनेट... कोपरा. तिथे चष्मा कपाळावर गेला.

“हे कोणाचं काम?”

“माझं.” मग मशीनपासून पिवळ्या पॅडपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

“आणि बाकीचं?”

“एक पॉलिशवाला आहे.”

“ओळखीचा?”

“कालपासून.”

“एवढं केलं, मग कोपरा का सोडला?”

“मी मागे लागले, चिडले. तरी नाहीच म्हणाला.”

बाबांनी कोपऱ्यावर अंगठा फिरवला. “गाडी पळवायला लोक आठवड्यात शिकतात. थांबवायला शिकवता शिकवता माझे केस पिकले.” चष्मा पुन्हा डोळ्यांवर आला. “बोलव त्याला चहाला.”

मी दोरीपाशी उभी राहून फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

“बाबांनी पाहिलं?” हॅलोसुद्धा नाही.

“पाहिलं. कोपराही.”

“मग?” त्याने लगेच विचारलं. म्हणजे रात्र त्यानेही माझ्यासारखीच जागून काढली होती.

“चहाला बोलावलंय. आणि तुम्ही पॅड विसरलात इथे.”

“मी...” तो म्हणाला, “मी पॅड मोजून निघतो. नेहमी.”

माझा हात चिमट्यावर तसाच राहिला.

“वाळला का तो?” त्याने अगदी हळू विचारलं.

मी पॅड दाबून पाहिला. ठणठणीत कोरडा होता.

“नाही हो,” मी म्हणाले. “अजून ओलाच आहे. तुम्ही या... पण बसावं लागेल थोडा वेळ.”