सहा महिन्यांची कात्रणं

"नाव मी फोडलेलं नाही," वार्ताहरबाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. "पण कोणी फोडलं, ते मला हवंय."

गुप्तहेरांनी मान हलवली. प्रकरण गावभर झालं होतं. नळाच्या पाण्यात शिसं असल्याचा अहवाल पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टने बाईंना गुपचूप दिला. बातमी छापली गेली. कोर्टाने माहिती देणाऱ्याचं नाव मागितलं, बाईंनी तोंड उघडलं नाही. "राज्यघटना छापायचं स्वातंत्र्य देते, लपवायचं नाही," असं म्हणून न्यायाधीशांनी त्यांना अकरा दिवस आत बसवलं. अपील वरच्या कोर्टात होतं. बाई सुटल्या त्याच दिवशी केमिस्टची नोकरी गेली.

"त्यांच्या बायकोचा फोन आला. म्हणाल्या, तुम्हीच नाव सांगितलंत." बाईंनी पर्स टेबलावर आपटली. "अकरा रात्री फरशीवर काढल्या मी!"

"नाव आणखी कोणाला ठाऊक होतं?"

"कोणालाच नाही. त्यांना मी ऑफिसात भेटले नाही, फोन केला नाही. सहा महिने तर साध्या गढूळ पाण्याच्या बातमीतही त्यांचं नाव येऊ दिलं नाही. इतकं जपलं."

"संपादकच असणार," गुप्तहेरांचा मेहुणा म्हणाला. तो दर प्रकरणात सगळ्यात मोठ्या खुर्चीवर संशय घ्यायचा.

तिघं वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. संपादक उखडले. "मी नाव विचारलंच नव्हतं. माहीत नसलं की कोर्टात खोटं बोलावं लागत नाही."

फोटोग्राफरने हात झटकले. "मी अहवालाचं पहिलं पान टिपलं. तशा पाच प्रती खात्यात पाच जणांकडे होत्या. कोणाची, मला काय ठाऊक?"

कात्रणं सांभाळणारे आजोबा मात्र कुरकुरत होते. "बाई आत असताना पाणीखात्याचा कारकून आला. बाईंच्या मासिक पाणी-सदराची दोन वर्षांची कात्रणं वाचायला मागितली. मागेल त्याला देतोच आम्ही. पण मेल्याने पेन्सिलीने रेघोट्या मारल्या! खोडून खोडून हात दुखले."

गुप्तहेरांनी ती फाइल खिडकीपाशी नेली. तासाभराने ते परत आले, तेव्हा ते बाईंकडे बघत नव्हते.

"चोर सापडला?" मेहुण्याने विचारलं.

"अहवाल पाच जणांकडे होता. दीड वर्षाच्या सदरांत हे पाचही जण दर महिन्याला बोलतात, नावानिशी. त्यानंतरच्या सहा महिन्यांत किती जण बोलतात, मोज."

मेहुण्याने बोटांवर मोजलं. "चारच. पाचवा कुठे गेला?"

"पाणीखात्याच्या साहेबांनीही हेच विचारलं असणार. कारकुनाने नावांखाली रेघा मारल्यात. पेन्सिल पुसली जाते, दाब राहतो. केमिस्टच्या शेवटच्या उल्लेखाखाली दोन रेघा आहेत." ते थांबले. "बाई, ज्याला लपवायचं असतं त्यालाच माणूस वगळतो. तुम्ही बाकीच्यांसारखंच त्यांनाही बोलतं ठेवलं असतं, तर ते पाचांतले एक राहिले असते."

"काखेत कळसा..." मेहुण्याने सुरुवात केली आणि जीभ चावली.

बाईंनी फाइल ओढून घेतली आणि त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. अति तिथं माती, हे त्यांना आजवर कोणी सांगायची गरज पडली नव्हती. "म्हणजे अपील जिंकले तरी..."

"पुढच्या माणसाला उपयोग होईल. जरूर लढा," गुप्तहेर हळूच म्हणाले.

संध्याकाळी बाईंनी केमिस्टच्या घराची बेल वाजवली. दार त्याच्या बायकोने उघडलं, आणि बाईंना पाहून लगेच लोटायला घेतलं.

बाईंनी दारावर हात ठेवला.

"वहिनी, तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं."