गच्चीवरचं खारं पाणी

रबाबने बादली कलंडवली आणि एसीच्या युनिटमागून आवाज आला, "अहो, अहो... सकाळीच आंघोळ झालीय माझी!"

एक तरुण उभा राहिला. भुवयांवरून पाणी निथळत होतं, हातात पाना होता. इराकमधल्या बसऱ्याच्या त्या उन्हातही रबाबचे गाल वेगळेच तापले.

"तुम्ही... इथे कसे?"

"मुल्लाकाकांनी बोलावलं. एसी गार करत नाही म्हणाले. मी कुमैल." त्याने ओठांवरचा थेंब चाखला आणि हसला. "तो का रुसलाय तेही कळलं. नळाचं पाणी रोज ओतता?"

"दुपारी... यंत्र तापतं ना. जरा बरं वाटावं त्याला."

त्याने मागची जाळी दाखवली. मिठाने ती पांढरी होऊन पार बुजली होती. "खोलीतली उष्णता इथून बाहेर पडते. तिची वाटच बंद झाली. मग यंत्र धापा टाकतं आणि भर दुपारी बसतं. आपल्या नळांत समुद्र शिरलाय, बाईसाहेब. तुम्ही माया करता, ते बिचारं गंजतं."

मग त्याने पिण्याच्या टाकीतलं गोडं पाणी मागून घेतलं आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी जाळी धुतली.

"यंत्राला गोडं पाणी! आम्ही चहालासुद्धा जपून घेतो."

"मग चहा नको मला. तुम्ही नुसत्या उभ्या राहा तिथे. सावली पडते."

खालच्या खोलीत तिचे वडील, मुल्ला फाखिर, अंथरुणावर उशीला टेकून बसलेले असत. मोहरमच्या शोकाच्या बैठकीत ते रणात पाण्यावाचून तडफडलेल्या इमाम हुसेनच्या लेकराचा प्रसंग गाऊ लागले की दगडालाही पाझर फुटावा, असा गळा देवाने त्यांना दिला होता. आता छाती थकली होती. उकाड्यात दम लागे. डॉक्टरांनी खोली गार ठेवायला बजावलं होतं. एवढा मोहरम गायचा, मग देवाने न्यावं, एवढंच त्यांचं मागणं.

"आईच्या मांडीवर बसून ऐकलंय तुम्हाला, काका," कुमैल म्हणाला.

"मग यंदा पुढे बस. आणि रडताना लाजू नकोस," मुल्ला हसले.

गॅस तपासायला तो पुन्हा आला. तारा बघायला पुन्हा. मग मात्र सगळं ठीक झालं... आणि काम नसताना तरण्या मुलाने लग्नाची लेक असलेल्या घराचा जिना चढावा, अशी ती गल्ली नव्हती.

एका दुपारी रबाब नळाखाली बादली धरून उभी राहिली. थोडंसंच... वारा जरा कोमट होईल, इतकंच. मग थोडंसं रोजच.

वडिलांनी निरोप धाडला, तो आला. जाळीवरचं ताजं मीठ त्याने बोटाने पुसलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

"पुन्हा बिघडला?"

"बिघडला..."

"फार नाजूक आहे हो."

"कोण?"

"एसी —" तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

मोहरम तोंडावर आला. उन्हाने कहर केला. कुमैल कामासाठी दुसऱ्या शहरात, नासिरियाला गेलेला, आणि रबाबची बादली काही थांबली नव्हती. उद्या येईल, परवा येईल... भर दुपारी एसी खडखडला आणि कायमचा गप्प झाला. तिने ओल्या कापडाने वारा घातला, शेजाऱ्यांना हाका मारल्या. वडिलांचे ओठ निळे पडत चालले होते.

इस्पितळात घशात नळी घालावी लागली. मुल्ला वाचले. गाता गळा गेला.

इस्पितळाच्या व्हरांड्यात ती कुमैलला म्हणाली, "पाणी मी मुद्दाम ओतलं. तुम्ही यावं म्हणून."

कुमैल भिंतीला टेकला. "मला दिसलं होतं, रबाब. मीठ ताजं होतं. मी बोललो नाही... मलाही यायचंच होतं."

यंदा बैठकीत दुसरेच मुल्ला गायले. फाखिर त्यांच्या पायाशी बसले होते, शब्दामागून शब्द त्यांचे ओठ हलत होते, आणि आवाज दुसऱ्याचा येत होता. पडद्याआड बायका हुसेनसाठी रडत होत्या. रबाब कुणासाठी रडत होती, ते तिचं तिलाच उमजेना.

मोहरमच्या सुतकाचे महिने सरले आणि कुमैलच्या घरची वडीलधारी मंडळी मागणी घालायला आली. कॉफीचे कप समोर ठेवले गेले. होकार मिळाल्याशिवाय कपाला कुणी ओठ लावत नाही.

रबाबने आदल्या दिवशीच वडिलांच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगितलं होतं. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला होता. घोगरा, फाटका श्वास तेवढा ऐकू आला होता, "देव माफ करतो, वेडे. मी कोण अडवणारा? हो म्हण."

आता त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे लेक उभी होती. तिच्याजवळ प्रेम होतं, माफी होती. पण कुमैल या घरात आला की वडिलांच्या त्या मुक्या ओठांकडे दोघांनी रोज कसं बघायचं? तिने मान हलवली. नाही.

"एकदा अजून विचार कर, पोरी," ते कुजबुजले.

तिने पुन्हा मान हलवली.

मुल्ला पाहुण्यांकडे वळले. "नशीब नाही, भावांनो." इतक्या हळू बोलले की सगळे पुढे झुकले.

मंडळी उठली. उंबऱ्यापाशी कुमैल क्षणभर थांबला. ती येते का, हे बघायला... की ती येत नाही याची खात्री करायला? मग जोडे घालून निघून गेला.

रबाब तबक घेऊन आत आली. कप काठोकाठ भरलेले होते. एकही थेंब सांडू न देता तिने ते एकेक करून उचलले. शेवटचा अजून गरम होता.