माझ्या निबंधात त्याची चूक

वाचनालयातल्या प्रिंटरवर आम्ही दोघांनी एकदमच हात टाकला आणि एकमेकांचे कागद उचलून आपापल्या टेबलावर जाऊन बसलो. पाचेक मिनिटांनी तो उठून माझ्याकडे आला.

"हे तुमचे. माफ करा... वाचले मी."

"सगळे?"

"सगळे. एवढ्या मोठ्या निबंधात तुम्ही एकदाही चुकला नाहीत. कंटाळा नाही येत?"

राग यायला हवा होता. आलं ते हसू.

आम्ही दोघंही एमबीएसाठी एकाच कॉलेजात अर्ज करत होतो. मी औषधांच्या गोदामात मालाचं नियोजन बघायचे, तो एका हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीचा प्रमुख होता. मग तो माझा लॉण्ड्रीसाहेब झाला आणि मी त्याची गोदामबाई. दर शनिवारी दुपारी वाचनालय, नंतर समोरच्या दुकानात चहा. त्याच्या शर्टाला नेहमी ताज्या इस्त्रीचा वास यायचा. पाऊस असला की तो छत्री माझ्याकडे इतकी कलती धरायचा, की त्याचा एक खांदा चिंब व्हायचा.

"भिजतोयस तू," मी म्हणायचे. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"भिजू दे. वाळवायची सोय आहे आमच्याकडे."

अर्जात एक प्रश्न होता – तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा. त्यावर मी आठवडाभर अडून बसले होते. त्याने मात्र सरळ सांगितलं. लॉण्ड्रीतल्या धुलाई मशीनची दुरुस्ती त्याने तीनदा पुढे ढकलली होती. एका सकाळी ते थांबलं, स्वच्छ चादरी संपल्या, आणि एका म्हाताऱ्या पेशंटला ऑपरेशन थिएटरच्या दारातून परत न्यावं लागलं. हा स्वतः जाऊन त्यांची माफी मागून आला.

"सगळे म्हणाले, मशीन बंद पडलं," तो कपाकडे बघत म्हणाला. "ते पडलं नव्हतं. मी पाडलं होतं."

त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले. आणि दोनच दिवसांनी, अर्जाची मुदत संपता संपता, मी त्याची गोष्ट चोरली.

माझ्या चुका लहान होत्या, भित्र्या होत्या, लिहाव्यात अशा नव्हत्याच. इकडे आईने साऱ्या नातेवाइकांत माझ्या प्रवेशाचं सांगून टाकलेलं. मी चादरींच्या जागी औषधं घातली, मशीनच्या जागी गोदामाचं शीतगृह. ते शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवलं. त्याहून चांगलं मला सुचेना.

महिन्याभराने दोघांनाही कॉलेजचं पत्र आलं. दोन अर्जांत एकच वाक्य, जवळपास एकच घटना, खुलासा करा.

शनिवारी तो चहाला आला तो ओढलेल्या चेहऱ्याने. "दुसरा अर्ज तुझाच असणार. आपण इतकं बोलतो... ते वाक्य आधी तू म्हणाली होतीस का गं? माझ्याकडून नकळत उचललं गेलं असेल. भाषा तुझीच चांगली आहे."

एवढंच म्हणायचं होतं – नाही रे, तुझंच आहे ते.

"आठवत नाही," मी म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

सोमवारी त्याने अर्ज मागे घेतला. 'ज्याची खात्री नाही ते माझं म्हणून कसं सांगू,' एवढाच त्याचा मेसेज होता. तो मी गोदामाच्या पायऱ्यांवर वाचला. त्याच दुपारी कॉलेजला सगळं खरं लिहून पाठवलं आणि तडक लॉण्ड्रीत गेले.

वाफेत उभा राहून तो चादरीची घडी घालत होता. मी सांगत गेले, तो ऐकत गेला. मी चादरीची दोन टोकं धरली. घडी घालताना आम्ही अगदी समोरासमोर आलो... त्याने माझ्या हातातली टोकं अलगद काढून घेतली आणि मागे सरकला.

माझा अर्ज रद्द झाला. त्याला पुन्हा बोलावलं, प्रवेशही मिळाला. तो निघायच्या दिवशी मी बसस्टँडवर गेले.

"मागितलं असतंस तर वाक्य दिलं असतं," तो म्हणाला. "तू खरं सांगितलंस, ते मोठं आहे. पण मी स्वतःवर संशय घेत होतो आणि तू समोर बसून चहा पीत होतीस... ते डोळ्यांसमोरून जात नाही."

"मला तू आवडतोस."

"माहीत आहे. मलाही तू आवडतेस. म्हणून तर इतकं लागलं."

"वाट बघू?"

त्याने बॅग खांद्याला लावली. "नको. तू काहीही बोललीस तरी मी मनात तपासत बसेन. तसं नको जगायला... तूही आणि मीही."

बस वळेपर्यंत तो खिडकीतून मागे बघत होता. मी हात वर केला, त्यानेही केला.

प्रवेश का हुकला, हे आईला अजून सांगितलं नव्हतं. तिथल्याच बाकावर बसून मी तिला फोन लावला.