खूण न विचारणारा उघाड्या

कुलूप शाबूत होतं, तरी पाणी आत आलं होतं.

हे कसं झालं ते काही केल्या निहिराला कळेना. उघाड्याच्या छातीवरच्या पडद्यात हिरवं कुलूप अजून ऐटीत झळकत होतं आणि त्याच्या पाठीमागे शेजारच्या सुमनकाकीचा तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची कोवळी रोपं, खाऱ्या पाण्यात माना टाकून पडला होता. काकीच्या माहेरचं ते जुनं लाल भात. घरात होतं नव्हतं तेवढं सगळं बी तिनं यंदा पेरलं होतं.

उघाड्या हा खाडीच्या बांधावरचा यंत्रमानव. बांधाला पाणी सोडायचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला घट्ट मिटायची. कधी उघडायचं ते दूरच्या भरतीकेंद्राकडून कळे आणि उघाड्या इमानेइतबारे तसं करी. आज मात्र त्यानं ऐन भरतीत दार सताड उघडलं होतं.

“अरे, समोर पाणी चढताना दिसत नव्हतं का तुला?” आजोबांनी विचारलं.

“दिसत होतं. पण भरतीकेंद्राच्या नावानं आदेश आला. केंद्राला माझ्याहून जास्त कळतं.”

निहिराचे आजोबा दत्ताराम पाटणकर हे संदेशयंत्रणा उभारणारे शास्त्रज्ञ. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात जाताना ते उघाड्याला नातीच्या हवाली करून गेले होते आणि आज सकाळीच परतले होते. काळा चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याजवळ वाकले. तेवढ्यात निहिराला एक गोष्ट आठवली.

“आजोबा, मी ना... एक बटण बंद केलं होतं.”

झालं होतं ते असं. उघाड्याची बॅटरी बदलल्यावर पडद्यावर सूचना आली, ‘केंद्राचं प्रमाणपत्र पटत नाही. जोडणी नाकारली.’ निहिरानं पुन्हा पुन्हा जोडून पाहिलं. उघाड्याचा आपला नन्नाचा पाढा. शेवटी वैतागून तिनं ‘ओळख पडताळणी’ हे बटणच बंद केलं. जोडणी चुटकीसरशी झाली, हिरवं कुलूप लागलं आणि तिनं फोनवर फुशारकी मारली, “आजोबा, मी दुरुस्त केला!”

“आणि मी शाबास म्हणालो,” आजोबा खिन्नपणे म्हणाले. “कसा केलास, ते विचारलं नाही. अर्धी चूक माझीसुद्धा आहे गो.”

“पण कुलूप तर लागलं होतं!”

“कुलूप खोटं बोलत नाही. बोलणं कूटबद्ध आहे (म्हणजे फक्त दोन टोकांच्या दोघांनाच उकलेल अशा संकेतात बदललेलं आहे), एवढंच ते सांगतं. वाटेत कोणी चोरून ऐकलं तरी त्याला काही कळायचं नाही. पण दुसऱ्या टोकाला आहे कोण, हे कुलपाला कुठं ठाऊक? दार लावून कानात कुजबुजलीस, पण अनोळख्याच्या कानात, तर काय उपयोग?”

आजोबा बांधाच्या कठड्यावर टेकले.

“इथं माणूस राखणदार होता ना, तेव्हा गावकार, म्हणजे गावचा मुख्य, दर दसऱ्याला एक बांबू उभा चिरायचा. एक फाक राखणदाराकडे आधीच देऊन ठेवायची, दुसरी स्वतःकडे. उघाडी उघडायचा निरोप घेऊन कोणीही येवो, सख्खा भाऊ का असेना, राखणदार आधी विचारणार, ‘खूण काय?’ निरोप्यानं गावकाराची फाक काढायची. दोन्ही फाका रेघेला रेघ जुळल्या, तरच दार उघडायचं. नवा बांबू चिरला की जुना चुलीत.”

“म्हणजे प्रमाणपत्र ही खूण?”

“अगदी. प्रमाणपत्र (म्हणजे ‘हा तोच आहे’ असं विश्वासातल्या कोणीतरी सही करून दिलेला दाखला) केंद्र दाखवतं. त्यावरची सही कोणाची मानायची, ते उघाड्याला आपण आधीच देऊन ठेवलेलं असतं. आणि दाखल्याला मुदत असते, अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत.”

“मग खऱ्या केंद्राला तो नाही का म्हणाला?”

“त्याला तारीख विचार बघू.”

उघाड्यानं तारीख सांगितली. ती निहिराच्या जन्माच्याही आधीची होती! बॅटरी काढली तेव्हा त्याचं घड्याळ मागं गेलं होतं आणि त्याच्या हिशेबी केंद्राच्या दाखल्याची मुदत अजून सुरूच झाली नव्हती. बिघाड घड्याळात होता आणि निहिरानं राखणदाराचं तोंड बंद केलं होतं.

“मग आजचा आदेश कोणाचा?”

आजोबांनी नोंदी उघडल्या. खाडीपलीकडे नव्या मुलांना शिकवायला एक सरावकेंद्र उघडलं होतं. सरावासाठी ते भरतीकेंद्राचंच नाव लावून आदेश सोडत असे. नाव तेच, पण दाखल्यावरची सही वेगळी. खाडीवरच्या बाकीच्या उघाड्यांनी सही पाहून तो आदेश झिडकारला होता. एकट्या या उघाड्यानं ऐकला, कारण त्याला विचारायची मनाई होती.

निहिराला रडू आवरेना. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं आणि तरवा मात्र गेला होता.

डोळे पुसून तिनं घड्याळ बरोबर लावलं. पडताळणी चालू केली. खरं केंद्र लगेच जोडलं गेलं. आजोबांनी मग मुद्दाम सरावकेंद्राशी जोडायला लावलं. पडदा लाल झाला. “सही ओळखीची नाही. जोडणी नाकारली,” उघाड्या म्हणाला. परवा याच ‘जोडणी नाकारली’चा तिला केवढा राग आला होता!

संध्याकाळी ती काकीकडे जाऊन सगळं खरं सांगून आली. काकी ओरडली नाही. नुसती शेताकडे बघत राहिली. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी तिला पुन्हा तिकडंच पाठवलं.

“काकी, आजोबांनी मोठी टोपली मागितली आहे.”

काकी उंबऱ्यातच उभी राहिली. आजवर या घरातून निहिरानं काय काय नेलं होतं, कधी कोणी विचारलं नव्हतं.

“खूण काय?” काकीनं विचारलं.

निहिराचे कान गरम झाले. ती परत फिरली, बांधावरून घरी गेली आणि आजोबांचा काळा चष्मा घेऊन आली. काकीनं तो उलटसुलट करून पाहिला.

“हां. आता ने.”

टोपलीत काकीनं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली एक मूठ होती. उंच कडेला वाचलेली लाल भाताची रोपं.

“तुमच्या परसात खारं पाणी पोचत नाही, तिथं लाव. पिकलं की निम्मं बी मला दे नि निम्मं तुझ्याकडे जपून ठेव. पुढल्या साली तुझ्याकडचं मागायला मी येईन.”

“काकी, तुम्हाला मी खूण कशाला विचारीन...”

“विचारायचं,” काकी म्हणाली. “मलासुद्धा विचारायचं.”

निहिरानं मान हलवली आणि टोपली छातीशी धरून, पाय न घसरू देता, बांधावरून चालू लागली.