चार मिलिमीटरची चूक

"माझे डोळे दिसले पाहिजेत," तिने काउंटरवर चष्मा ठेवत सांगितलं.

दुकानातल्या तरुण चष्मेवाल्याने मान वर केली. "दिसतायत की... छान दिसतायत."

"अहो, स्क्रीनवर!" ती लाजली, आणि आपण लाजलो म्हणून स्वतःवरच चिडली. मग तिने घडाघडा सगळं सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी एका मोठ्या लॉ फर्मची ऑनलाइन निवड-चाचणी होती. आधी पाच उमेदवारांची गटचर्चा, मग लेखी काम, मग मुलाखत. दोन फर्मनी तिला आधीच नकार कळवला होता आणि या वर्षीची ही शेवटची. ही हुकली की वर्षभर काकांच्या ऑफिसात बसून भाडेकरार टाइप करायचे! त्यात सराव करताना मैत्रीण म्हणाली होती, "तुझ्या डोळ्यांच्या जागी दोन ट्यूबलाइट दिसतात."

"न चमकणारी काच बसवू," तो हसू दाबत म्हणाला. "बसा, माप घेतो."

पट्टी तिच्या नाकावर टेकवून तो समोर बसला. एक डोळा मिटून म्हणाला, "माझ्या डाव्या डोळ्यात बघा."

"हे डोळा मारणं मापातच धरायचं का?"

"हसू नका... पट्टी हलते."

"पट्टी तुम्ही धरलीये!"

त्याचे कान लालबुंद झाले. त्याने घाईघाईने कागदावर आकडा लिहिला.

बुधवारी चष्मा मिळाला. काच खरंच चमकत नव्हती. पण ती दांडी सैल आहे म्हणून पुन्हा गेली, मग दांडी घट्ट झाली म्हणून गेली. "रोज नेऊन दाखवावा लागतो का गं हा चष्मा?" आईने इस्त्री करता करता विचारलं. ती काहीतरी पुटपुटून सटकली.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो दुकानातून व्हिडिओ कॉल लावायचा आणि आवाज जाड करून मुलाखत घ्यायचा.

"तुम्ही स्क्रीनकडे बघता. कॅमेऱ्यात बघा."

"तिथे कोणी नसतं हो."

"मी आहे असं समजा..."

ती समजायची. आणि उत्तर विसरायची.

पण चष्मा आल्यापासून तिचं डोकं ठणकत होतं. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी सरावाच्या करारातलं एक अख्खं कलम तिच्या नजरेतून सुटलं. ती दुकानात आली तेव्हा डोळे भरले होते. "मला जमणारच नाही. माझीच लायकी नाही."

त्याने तिचा चष्मा काढून घेतला आणि काचा तपासायच्या मशीनखाली ठेवला. मग पट्टीने तिच्या डोळ्यांचं माप पुन्हा घेतलं.

"चूक माझी आहे," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या दोन बुबुळांमधलं अंतर बासष्ट मिलिमीटर आहे. मी सहासष्ट लिहिलं. तुमचं डोकं त्यानेच दुखतंय." "काचा बदलून सकाळी घरी आणून देतो. शब्द देतो."

तिला रागवायचं होतं. पण तो गप्प बसला असता तर तिला कधी कळलंही नसतं, हे तिच्या लक्षात आलं आणि राग टिकला नाही.

शनिवारी चाचणी दहाला होती. साडेनऊ झाले तरी त्याचा पत्ता नव्हता. वर कडक ब्लेझर, खाली फुलाफुलांचा पायजमा अशा अवतारात ती येरझाऱ्या घालत होती. दहाला वीस मिनिटं असताना बेल वाजली. तो धापा टाकत उभा होता. त्याने पायजमा पाहिला, पण शहाण्यासारखा हसला नाही. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कितीतरी दिवसांनी अक्षरं जागच्या जागी उभी राहिली.

गटचर्चा रंगात आली असताना तिने समोरचा करार पुन्हा चाळला. नोटिशीची मुदत तिने सगळ्यांना नव्वद दिवस सांगितली होती, करारात होते साठ. कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. गप्प बसावं? तिला मशीनपुढे वाकलेला तो आठवला.

"थांबा," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

मुलाखतीत ज्येष्ठ वकीलबाईंनी नेमकं तेच विचारलं. "चूक कबूल करताना भीती नाही वाटली?"

"खूप वाटली," तिने थेट कॅमेऱ्यात बघत सांगितलं. "पण कालच एकाला कबूल करताना पाहिलं होतं. त्याच्यावरचा माझा विश्वास कमी नाही झाला... वाढला."

पाचला फोन आला. निवड झाली होती! ती जमिनीवरच फतकल मारून बसली. हुश्श! आईच्या गळ्यात पडून झाल्यावर ती आहे त्या अवतारात दुकानाकडे पळाली.

बातमी ऐकून तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीतच धपकन बसला. "सुटलो! माझ्यामुळे हुकली असती तर..."

"आतापर्यंत किती मापं चुकली?"

"सहा वर्षांत एकच."

"मग माझ्याच वेळी का?"

तो पट्टीशी चाळा करत राहिला. "आकडा बघायचा होता... मी डोळेच बघत बसलो."

तिने त्याच्या हातातली पट्टी घेतली, त्याच्या नाकावर टेकवली आणि एक डोळा मिटला.

"माझ्या डाव्या डोळ्यात बघ."

तो बघत राहिला. पट्टी हलत होती.

"किती आलं?" त्याने हळूच विचारलं.

"बघितलंच नाही," ती म्हणाली.